शेऱ्यातलं नाव

शेणफडमामा मेलेल्या जनावराच्या कानात बोलायचे. मंत्रबिंत्र काही नाही, पुटपुटणंही नाही. शेजारच्या माणसाला निरोप द्यावा तसं सरळ, स्वच्छ बोलायचे. आधी मालकाला जनावराचं नाव विचारायचे. मग डोक्यापाशी उकिडवे बसायचे, पडलेला कान दोन बोटांनी वर उचलायचे, नाव घेऊन हाक मारायचे आणि सांगायचे, "तू मेला." गाय-म्हैस असली तर, "तू मेली." मग कान जसा होता तसा खाली ठेवायचे, हात पायजम्याला पुसायचे आणि मला म्हणायचे, "हां म्याडम, आता करा तुमचं काम."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. सुलतानपूरच्या अलीकडे एका गावात आमचा पशुवैद्यकीय दवाखाना. दोन खोल्या, जनावर अडकवायचा एक खोडा, एक हातपंप, मी डॉक्टर आणि मामा परिचर. वीज पडून एक बैल मेला म्हणून आम्ही शिवारात गेलो होतो. मालक बांधावर डोकं धरून बसला होता, मी हातमोजे चढवत होते आणि आमचा परिचर बैलाशी गप्पा मारत होता. मी तशी तापट. देऊळगाव राजाची आहे, आमच्या घरात हळू आवाजात कोणी बोलतच नाही.

"मामा, काय लावलंय हे? मेलंय ते!"

"हो ना म्याडम."

"मग ऐकू येणार आहे का त्याला?"

"मेलं हे तुमाले माहीत हाय, मले माहीत हाय, तलाठ्याले बी माहीत हाय. त्याले कोनं सांगतलं?"

"आणि नाही सांगितलं तर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा होता. "नाई सांगतलं तं ते संध्याकाळी घरी येते ना."

मी हसले. हसता हसता मालकाकडे पाहिलं, तर तो हसत नव्हता. तो मान हलवत होता. मग मीही कामाला लागले.

शेणफड या नावाला बुलढाण्याकडे कोणी दचकत नाही. ज्या घरात लेकरं वाचत नाहीत त्या घरात अशी नावं ठेवतात. मामा स्वतःच सांगायचे, "माह्या आधी तिघं गेले म्याडम. मंग मायनं मले उकिरड्यात ठेवलं अन् उचलून आनलं. यमानं पाह्यलं, शेण हाय म्हने, राहू द्या." आणि खो खो हसायचे. उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही. ते का बाळगता म्हटलं तर म्हणायचे, "कोनी मांगलं तं हे देतो. पेन देल्लं का परत येत नाई." शवविच्छेदनाच्या सुऱ्या पोत्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि दवाखान्यामागच्या फरशीवर स्वतः पाजायचे. ज्या घरचं जनावर मेलं त्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. उलट म्हैस व्याली असं कळलं की डबा घेऊन हजर. "चिकाले नाई म्हनू नये म्याडम, नव्या जिवाले वाईट वाटते."

आमच्या कामातलं एक सांगायला हवं. पूर आला, वीज पडली, गारपीट झाली आणि जनावर दगावलं, तर सरकार मदत देतं. पण मेलेलं जनावर सरकारला पटवून द्यावं लागतं. तलाठी पंचनामा करतो, मी शवविच्छेदन करून दाखला देते, फोटो लागतो आणि जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर लागतो. हे सगळं जुळलं तर फाईल तहसीलला जाते. बिल्ले मारायचं काम मामांचं. संगणकात नंबर, जात, वय, मालक अशी नोंद व्हायची. पण मामांची स्वतःची एक लांबोडकी वही होती, तिच्यात प्रत्येक नंबरापुढे जनावराचं नाव असायचं. हिरा, पवळ्या, लंगडी, सोनी. गावातली सगळी ढोरं त्या वहीत होती.

एकदा मी दाखला लिहीत असताना मामा मागून डोकावले. "म्याडम, नाव लिवा ना."

"रकाना नाहीये नावाचा."

"शेरा हाय ना."

शेऱ्याचा रकाना कायम रिकामाच जायचा, हे खरं. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याचं मन. शेऱ्यात लिहिलं, 'नाव : हिरा'. त्या दिवसापासून सवयच लागली. तहसीलच्या कारकुनानं एकदा फोन करून विचारलं, "म्याडम, हे हिरा काय हाय?" मी म्हटलं, "बैल." तो म्हणाला, "अरे बाप्पा!" आणि फोन ठेवला.

मामांचं सगळं मी मानत होते असं समजू नका. मी भांडायचे. एका मास्तरांची गाय साप चावून मेली. मास्तर शिकलेले. त्यांनी मामांना कानापाशी जाऊ दिलं नाही. "असल्या खुळचटपणाला माझ्या घरी जागा नाही," म्हणाले, आणि मला ते पटलंही. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याच घरी वासराला जंताचं औषध पाजायला गेले. दिवस कलला होता. वासरू सोडलं तसं ते दुडक्या चालीनं रिकाम्या खुंट्यापाशी गेलं, मान वर केली आणि ढुशा मारायला लागलं. हवेत ढुशा मारत होतं आणि लुचत होतं. आईच्या आठवणीनं वासरं असं करतात, कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. थोड्या वेळानं ते वळलं, तर त्याच्या तोंडाला फेस होता. पांढरा, दाट. लाळेचाही फेस येतो. मी मास्तरांना तसंच सांगितलं आणि औषध न पाजताच गाडीवर बसले.  

आणि मग ते ढगफुटीचं वर्ष आलं.

एका दुपारी नाल्याला असं पाणी आलं की पाहणाऱ्यांचे पाय जमिनीला चिकटले. चरायला गेलेली ढोरं नाल्याच्या पात्रातच होती. पुढचे काही दिवस मी आणि मामा चिखलात होतो. ती सडकी हवा, फुगलेली जनावरं, एकामागून एक शिवार. मामांनी एकही कान सोडला नाही. मी थकून ओरडायचे, "मामा, उरका!" ते म्हणायचे, "सरकारची घाई तुमाले. या ढोरायले कायची घाई?"

दुसऱ्या दिवशी खालच्या पुलाच्या नळकांड्यात एक म्हैस अडकलेली सापडली. तोंड दगडांनी ठेचलं होतं, ओळखू येत नव्हती. पण उजवा कान शाबूत होता आणि कानात बिल्ला. मामांनी नंबर वाचला, प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली, बोट फिरवलं. "गिरजाबाईची. तिच्या दोन हायेत, काशी अन् गोदी. हा बिल्ला काशीचा."

गिरजाबाई पलीकडच्या काठाला राहत होत्या आणि पूल खचल्यामुळे तिकडेच अडकल्या होत्या. विधवा बाई. दोन म्हशींच्या दुधावर घर चालायचं आणि मुलगी चिखलीला नर्सिंग शिकायची, तीही त्या दुधावरच. नाव विचारायला मालकीण समोर नव्हती, पण वही होती. मामा चिखलात बसले, कान उचलला आणि म्हणाले, "काशी, तू मेली." मी दाखल्याच्या शेऱ्यात लिहिलं, 'नाव : काशी'. म्हैस पुरली. फाईल गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी पाणी उतरलं तसे आम्ही पलीकडे गेलो. मामांना पाहताच गिरजाबाईंनी हंबरडा फोडला, "मामा वो, माही गोदी गेली!"

फाटकाच्या कडीवरचा मामांचा हात तसाच राहिला. "कोनती गेली?"

"गोदी. पान्यानं नेली माह्या डोयादेखत."

आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. त्या कोठ्यात एक म्हैस उभी होती. मामांनी तिच्याकडे बोट केलं. "मंग हे कोन हाय?"

गिरजाबाईंनी पदर पुढे ओढला. "थोरली," म्हणाल्या.

मला काही कळेना. मामांना कळलं. ते तिथंच, कोठ्याच्या उंबऱ्यावर, मटकन खाली बसले.

झालं होतं ते असं. गिरजाबाईंच्या सासूचं नाव काशीबाई. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण बाईंच्या तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं. आता ही म्हैस बाजारातून आली तीच मुळी काशी नाव घेऊन. सगळं गाव तिला काशी म्हणायचं, गिरजाबाई तेवढ्या 'थोरली' म्हणायच्या. बिल्ले मारायच्या दिवशी मामांनी नावं विचारली. बाईंनी गोदीचं नाव सांगितलं, दुसरीचं सांगता येईना म्हणून नुसत्या लाजल्या. शेजारीण हसून म्हणाली, 'दुसरी काशी'. दोघी काळ्याभोर, दोघींच्या कपाळावर पांढरा टिपका. कोणती दुसरी, हे मामांनी अंदाजानं लिहिलं आणि तिथंच उलटं झालं. पुन्हा विचारलं असतं तर चूक सापडली असती. पण पुन्हा विचारणं म्हणजे बाईला सासूचं नाव घ्यायला लावणं.

"तिले कसं इचारू दुसऱ्यांदा म्याडम," मामा म्हणाले.  "मले वाटलं, आपुन समजून घ्यावं. अन् म्या जितीलेच सांगतलं का तू मेली."

"मामा, काहीतरी बोलू नका," मी म्हटलं. "नावाची अदलाबदल झाली, एवढंच. बिल्ल्याचा नंबर बरोबर आहे, कागद बरोबर आहे, बाईला मदत मिळेल. विषय संपला."

"तिच्याकडे पाहा," मामा म्हणाले.

मी पाहिलं. काशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. गव्हाणीत कुटार तसंच पडलेलं, सरकीची ढेप तशीच. "परवापासून असीच हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "परवा दुपारी चरता चरता थांबली अन् इथं येऊन उभी राह्यली. बसली बी नाई." परवा दुपारीच आम्ही पुलाखाली होतो. मी ते मनातून झटकलं आणि स्टेथोस्कोप काढला. ताप नाही. नाडी ठीक. पोटाला लावला तर आत काहीच नाही. म्हशीच्या पोटात सतत गुडगुड चालू असते, जात्यासारखी. हिचं पोट गप्प होतं. पुराच्या धक्क्यानं होतं असं, मी म्हटलं. सलाईन लावलं, पोट सुटायचं औषध पाजलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुधाचा थेंब नाही. मला येत होतं ते सगळं मी केलं, चिखलीच्या माझ्या वर्गमित्राला फोन करून विचारलं, त्यानं सांगितलं तेही केलं. भर पावसाळ्यात, माशांचं मोहोळ उठलेलं असताना तिच्या अंगावर एक माशी बसत नव्हती. हे मी वर्गमित्राला सांगितलं नाही. काय सांगणार, कपाळ!

चौथ्या दिवशी गिरजाबाईंनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, एक सांगू का? ती येते."

"कोण?"

"गोदी. सांजच्याले येते. तिच्या खुंट्यापाशी उभी राह्यते. मले दिसत नाई, पर वास येते पान्याचा. गायाचा." म्हणजे गाळाचा.

मी त्या संध्याकाळी थांबले. हट्टानंच थांबले, म्हटलं एकदा काय ते पाहूनच घेऊ. मामा उंबऱ्यावर, मी दाराशी, गिरजाबाई आत चुलीपाशी. गावातली ढोरं परतली, घंटांचे आवाज आले आणि थांबले. उजेड होता अजून. मला समोरचं सगळं दिसत होतं. इतके दिवस दगडासारखी उभी असलेली काशी एकाएकी हलली. तिनं मागचे पाय उचलले आणि एक पाऊल बाजूला सरकली. शेजारची म्हैस आत शिरताना म्हशी सरकतात ना, अगदी तशी. जागा दिली तिनं. आणि मग गाळाचा वास आला. मी डॉक्टर आहे, मला गाळाचा वास कळतो.

मी धडपडत अंगणात आले.  भीतीचा मला राग येतो, म्हणून मी मामांवरच ओरडले. "आता काय करायचं म्हणता?"

"दाखला दुरुस्त करा म्याडम. तोंडानं बोललो ते बोललो, पर आपुन ते सरकारच्या कागदावर लिवून बसलो. सही-शिक्क्यानं मारलं आपुन तिले."

"मामा, तुम्हाला कळतंय का? दाखला दुरुस्त केला की एका म्हशीचे दोन दाखले होतात, दोन नावांचे. कारकून फाईल बाजूला काढेल. चौकशी लागेल. यादी या आठवड्यात जातेय, बाईचं नाव त्यातून जाईल. तिच्या तोंडचा घास तुम्ही काढायला सांगताय मला!"

"मदत म्हशीची हाय," मामा म्हणाले. "दुसरी बी गेली तं मदत घेऊन ते बाई काय बांधीन खुंट्याले?"

दोघंही खरं बोलत होतो, हाच तर त्रास होता. काशी पुरात मेलेली नाही. ती अशी खंगून गेली असती तर तिच्यासाठी कोणती मदत आणि कुठला पंचनामा? आणि तिला वाचवायचं तर गोदीची मदत जात होती, ती पण अशा कारणासाठी की जे मी कुठल्याही अधिकाऱ्यासमोर तोंडातून काढू शकले नसते.

"मले इचारा ना," असं दारातून ऐकू आलं. गिरजाबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "पैसे गेले तं जाऊ द्या म्याडम. पोट्टीले एक साल घरी बसवते. थोरली पाह्यजे मले."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात बसून दाखला लिहिला.  दिवस कलताना आम्ही पुन्हा त्या कोठ्यात गेलो. मामांनी त्या दिवशी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. काशी तशीच, भिंतीकडे तोंड करून. आम्ही वाट पाहत राहिलो. ती सरकली. वास आला.

गिरजाबाई एकदम म्हणाल्या, "मामा, आजचा दिवस राहू द्या. आजच्या दिवस येऊ द्या तिले."

"नाई बाई. आज तुमाले एक दिवस लागते, उद्या आठ दिवस लागतीन."

मामा रिकाम्या खुंट्यापाशी गेले. तिथं, हवेत, म्हशीच्या कानाच्या उंचीवर, त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं. बोटांमध्ये काही नव्हतं, मी नीट पाहिलं. पण बोटं खाली झुकली होती, वजन उचलल्यावर झुकतात तशी. "गोदी," ते म्हणाले. "माही चुकी झाली माय. तू मेली." आणि हात सावकाश खाली आणला.

गिरजाबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. मामा माझ्याकडे वळले. "वाचा म्याडम. मोठ्यानं वाचा. शिक्क्यासकट."

मी वाचलं. एका म्हशीसमोर उभं राहून, मला येत असलेल्या सगळ्यात शुद्ध सरकारी मराठीत मी वाचलं, "प्रमाणित करण्यात येते की, पशुपालक श्रीमती गिरजाबाई यांच्या मालकीची काशी नावाची म्हैस आज रोजी तपासली असता जिवंत असल्याचे आढळून आले. यापूर्वीच्या दाखल्यातील शेऱ्यात नमूद केलेले नाव चुकीचे असून मृत म्हशीचे नाव गोदी असे वाचावे." कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरी नाही, अक्कल काढली असती. काशीनं कानही हलवला नाही.

"माहं म्याडमचं नाई ऐकनार ते," मामा गिरजाबाईंना म्हणाले. "तिची मालकीण तुमी हा. तुमी हाक मारा."

"थोरले..." बाई म्हणाल्या.

"नावानं."

 बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, वर छपराकडे पाहिलं, जसं कुणी ऐकत असावं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, बहुतेक सासूची माफी मागितली असावी. आणि मग त्या बाईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते नाव निघालं, अगदी बारीक, "काशी." मग जोरात, "काशी! ए काशी!"

म्हशीनं तोंड फिरवलं. एवढा मोठा सुस्कारा सोडला की गव्हाणीतलं कुटार उडालं. मी धावत जाऊन तिच्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. आधी काही नाही. मग खूप खोलवरून गुडगुड आली. एकदा. थांबली. पुन्हा आली. मी ओरडलेच, "चालू झालं मामा, पोट चालू झालं!" आणि मला रडू फुटलं. औषधानंही झालं असेल. पाचव्या दिवशी गुण येतो कधी कधी. मी ते नाकारत नाही.

फाईलचं जे होणार होतं तेच झालं. कारकून म्हणाला, "एक म्हैस, दोन दाखले. आता ठेवा बाजूले." गिरजाबाईंचं नाव यादीतून गेलं. मुलगी एक वर्ष घरी बसली. चौकशीत मामांनी माझ्याआधीच लिहून दिलं की नाव मी सांगितलं, चूक माझी, म्याडमचा संबंध नाही. मी खूप भांडले. मला म्हणाले, "तुमी अजून लय सह्या करनार हा. माह्या किती राह्यल्या?" सहाच महिन्यांनी ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी मामा एसटीनं तहसीलला जायचे. पुरवणी यादी लागली का विचारायचे, नाही म्हटलं की बाकावर जरा टेकायचे आणि परत यायचे. परतताना दवाखान्यात डोकवायचे. "नाई लागली म्याडम. पुढच्या गुरुवारी पाहू." काशी पुन्हा दूध देत होती, तरी गिरजाबाईंकडे चहाला ते कधी गेले नाहीत. तोंड दाखवायचा धीर होत नसावा. एका गुरुवारी आले नाहीत. दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी बसची वाट पाहत थांब्यावर बसले होते, तसेच कलंडले. मी गेले, पाया पडले. घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण खेकसले आणि रात्री जेवले नाही.

पुरवणी यादी त्यानंतर लागली, बऱ्याच महिन्यांनी. एका सकाळी गिरजाबाई दवाखान्यात आल्या. हातात मोबाईल. "म्याडम, बँकेचा मेसेज आला म्हन्ते पोट्टी. वाचता का?"

मी वाचलं. मदत जमा झाली होती. मी सांगितलं. मला वाटलं आनंदतील, पण बाई मामांच्या जुन्या स्टुलावर बसल्या.

"ती मंग आलीच नाई म्याडम," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून. येत होती तवा भेव वाटे. आता सांजच्याले मीच दारात उभी राह्यते. मामाले म्हनलं होतं ना, एक दिवस राहू द्या..."  मग डोळे पुसून त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "गोदीचं नाव हाय का त्याच्यात?"

मेसेजात खात्याचे शेवटचे आकडे होते, रक्कम होती, तारीख होती. मी चष्मा चढवला, मोबाईल तोंडासमोर धरला आणि खड्या आवाजात वाचलं, "गिरजाबाई यांची गोदी नावाची म्हैस पुरात मृत झाल्याबद्दल."

"पुन्हा एकडाव," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.